४८ ते ५० : डुशेन स्नायुक्षयाचा जनुकीय अहवाल समजून घेताना

माझ्या भाच्याच्या जनुकीय तपासणीचा अहवाल आला तेव्हा तो पाच पानांचा होता, पण त्यात कामाची ओळ एकच होती : डीएमडी जनुकातील एक्झॉन ४८ ते ५० आढळले नाहीत. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही त्या ओळीचा अर्थ लागला नाही. ताईने अहवाल घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि रिक्षात बसल्यावर एवढेच विचारले, "म्हणजे औषध आहे का नाही?" या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच ओळीत होते. पुढच्या चार वर्षांत मला कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. या आजारात मुलाला कोणते औषध लागू पडेल, आजार किती वेगाने वाढेल आणि घरातल्या कोणत्या बाईने स्वतःची तपासणी करून घ्यायला हवी, हे सारे त्या एका ओळीवरून ठरते. म्हणून ती ओळ कशी वाचायची, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत इथे मांडत आहे.

आजाराचे नाव डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थोडक्यात डीएमडी. गियोम डुशेन या फ्रेंच वैद्याने १८६० च्या दशकात त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याचे नाव. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार जन्मतःच असतो, पण पहिली दोन-तीन वर्षे तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मूल थोडे उशिरा चालायला लागते, सारखे पडते, पळताना मागे राहते. "मुलगे जरा उशिराच चालतात", "बाळसे धरलेय म्हणून जड झालाय", असे घरातले म्हणत राहतात आणि त्यात दिवस जातात.

आमच्या घरी ते प्रथम लक्षात आले ते सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यावर. भाचा तेव्हा साडेचार वर्षांचा होता. प्रत्येक पायरीवर तो डावा हात कठड्याला आणि उजवा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवत असे आणि गुडघा जणू खाली दाबून शरीर वर उचलत असे. जमिनीवरून उठतानाही आधी ओणवा होई, मग हात पावलांवरून नडगीवर, नडगीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीवर असे टेकवत टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राही. आम्हाला ती त्याची लकब वाटायची. विल्यम गावर्स या इंग्रज वैद्याने १८७९ मध्ये ही खूण नोंदवली आणि आजही ती गावर्सची खूण म्हणूनच ओळखली जाते. मांडीचे आणि नितंबांचे स्नायू दुबळे झाले की मूल हाताची मदत घेते, इतके साधे तिचे कारण आहे. त्याच वेळी त्याच्या पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या, टणक दिसत होत्या आणि आजी कौतुकाने त्यांना पैलवानाच्या पोटऱ्या म्हणायची. ती भर स्नायूची नसते. मोडत चाललेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतुमय पेशीजाल साठल्यामुळे पोटरी फुगते.

निदानाला आमचे पाच महिने वाया गेले, आणि ते कसे गेले हे मुद्दाम सांगते, कारण ही चूक अनेक घरांत होते. तापाच्या निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीत त्याचे एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे एरवी यकृतासाठी मोजले जाणारे घटक, खूप वाढलेले आले. एका दवाखान्यात ती यकृताची तक्रार समजून औषधे सुरू झाली, तेलकट-तुपकट बंद झाले, पोटाची सोनोग्राफी दोनदा झाली. हे दोन्ही घटक यकृतात असतात तसेच स्नायूंतही असतात, त्यामुळे स्नायू मोडत असतील तरीही ते रक्तात वाढतात. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगितले आणि सीपीके, म्हणजे स्नायू मोडले की रक्तात वाढणारा घटक मोजणारी तपासणी, लिहून दिली. सर्वसाधारणपणे ती संख्या दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. त्याची अठरा हजारांवर होती. लहान मुलाचे एसजीपीटी वाढलेले असेल, कावीळ नसेल आणि जीजीटी हा यकृताचा दुसरा घटक सर्वसाधारण असेल, तर यकृताच्या मागे लागण्यापूर्वी सीपीके करून घ्यावे. फार महागडी तपासणी नाही ती, आणि तिने कित्येक महिने वाचतात.

आता त्या ओळीकडे वळते. आपल्या शरीरातल्या पेशी प्रथिने तयार करतात ती जनुकांत लिहिलेल्या मजकुरावरून. डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचा मजकूर एक्स गुणसूत्रावरच्या डीएमडी या जनुकात असतो, आणि ते माणसातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक आहे : सुमारे २२ लाख अक्षरांचे. बॉस्टनमधल्या लुई कुंकेल यांच्या गटाने १९८६-८७ मध्ये हे जनुक आणि त्यापासून बनणारे प्रथिन ओळखले. या प्रचंड लांबीत प्रत्यक्ष उपयोगाचा मजकूर मात्र अगदी थोडा असतो आणि तो ७९ तुकड्यांत विखुरलेला असतो. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात. पेशी मधला सगळा बिनकामाचा भाग कापून टाकते, ७९ तुकडे क्रमाने एकमेकांना जोडते आणि मग त्या सलग मजकुरावरून प्रथिन विणते. जनुक इतके लांब असल्यामुळेच त्यात चूक व्हायला जागाही जास्त असते. या आजाराच्या सुमारे दोनतृतीयांश मुलांमध्ये एक किंवा अधिक एक्झॉन सरळ गळलेले असतात. काहींमध्ये एखादा तुकडा दोनदा आलेला असतो आणि उरलेल्यांमध्ये एखाद-दुसऱ्या अक्षराची चूक असते.

डिस्ट्रॉफिन नेमके काय करते? अस्तर लावलेल्या पोलक्यात अस्तर आणि वरचे कापड यांना धरून ठेवणारे टाके असतात. ताण आला की तो दोन्हींवर वाटला जातो आणि कापड फाटत नाही. स्नायूच्या पेशीच्या आत आकुंचन पावणारे धागे असतात आणि बाहेर पातळ आवरण असते. डिस्ट्रॉफिन त्या दोघांना टाक्यांसारखे जोडते. टाके नसतील तर प्रत्येक हालचालीत आवरणाला बारीक चिरा पडतात, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आतले सीपीके बाहेर रक्तात सांडते आणि पेशी मरते. शरीर नवी पेशी तयार करते, पण तिच्यातही डिस्ट्रॉफिन नसतेच, त्यामुळे तीही मोडते. काही वर्षांनी ही दुरुस्ती थकते. हृदयही स्नायूच आहे आणि श्वास घ्यायला लावणारा छातीचा पडदाही स्नायूच आहे, म्हणून हा आजार फक्त पायांचा राहत नाही.

मग एक्झॉन गळला की प्रत्येक वेळी सारखाच आजार होतो का? नाही, आणि या आजाराच्या जनुकशास्त्रातला सगळ्यांत देखणा भाग इथेच आहे. पेशी जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते. असे एक वाक्य घेऊ :

रमेश सकाळी नदीत पोहतो दुपारी शेतात राबतो.

यातला प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. यातून "नदीत" हा पूर्ण शब्द काढला तर उरते : रमेश सकाळी पोहतो दुपारी शेतात राबतो. थोडी माहिती गेली, पण वाक्य उभे राहिले. आता "नदीत"मधली फक्त "नदी" ही दोन अक्षरे काढून उरलेली अक्षरे पुन्हा तीन-तीन करून वाचा : रमेश सकाळी तपोह तोदुपा रीशेता तराब तो. पहिल्या वेळी तीन अक्षरे गेली आणि वाक्य टिकले. दुसऱ्या वेळी दोनच गेली, तरी पुढचे सगळे निरर्थक झाले. पेशीला असा निरर्थक मजकूर वाचताना लवकरच कुठेतरी "इथे थांब" अशी खूण चुकून लागते आणि प्रथिन अर्धवटच सोडले जाते. पूर्ण डिस्ट्रॉफिन बनतच नाही, हा डुशेन. उलट गळलेल्या अक्षरांची संख्या तिनाने भागली जात असेल तर मधला भाग नसलेले, आखूड पण दोन्ही टोके शाबूत असलेले डिस्ट्रॉफिन बनते, आणि त्यातून होतो तो बेकर या नावाचा सौम्य आजार, ज्यात अनेक जण तिशी-चाळिशीपर्यंत, काही त्याहूनही पुढे चालत राहतात. या नियमाला काही अपवाद आहेत, पण बहुतेक कुटुंबांत तो खरा ठरतो.

हे वाचल्यावर मी एका रात्री स्वयंपाकघरात बसून भाच्याच्या अहवालाचे गणित मांडले. एक्झॉन ४८ मध्ये १८६ अक्षरे असतात, ४९ मध्ये १०२ आणि ५० मध्ये १०९. बेरीज ३९७. तिनाने भागल्यास १३२ पूर्ण आणि बाकी १. त्या एका अक्षराने वाचन सरकले होते. ४८ आणि ४९ हे दोनच गेले असते तर बेरीज २८८ आली असती आणि ती तिनाने पूर्ण भागली जाते, हेही तेव्हाच दिसले. मग शेजारच्या ५१ क्रमांकाच्या एक्झॉनची २३३ अक्षरे त्यात मिळवली. ६३० झाले. तिनाने भागले तर बरोबर २१०. म्हणजे आणखी एक तुकडा वगळला तर वाचन पुन्हा रुळावर येते. ते गणित जुळले तेव्हा मला रडू आले होते.

हीच कल्पना वापरून औषधे तयार झाली आहेत. त्यांना एक्झॉन वगळणारी औषधे म्हणता येईल. जोडणीच्या वेळी औषधाचा छोटा रेणू एक्झॉन ५१ च्या कडेवर जाऊन बसतो, पेशीला तो तुकडा दिसत नाही, आणि ती ४७ ला थेट ५२ जोडते. यातले पहिले औषध एटेप्लिर्सेन. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि ते दर आठवड्याला शिरेतून द्यावे लागते. शंभरातल्या साधारण तेरा मुलांना ५१ वगळणे लागू पडते. ५३ आणि ४५ वगळणारी औषधे २०१९ ते २०२१ या काळात आली आणि त्यांना पात्र असलेली मुले प्रत्येकी आठेक टक्के आहेत. गणित जितके सुंदर आहे तितका परिणाम अजून नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. एटेप्लिर्सेन घेतलेल्या मुलांच्या स्नायूंत तयार झालेले डिस्ट्रॉफिन निरोगी माणसाच्या तुलनेत सरासरी एक टक्क्याहूनही कमी होते, आणि हृदयाच्या स्नायूपर्यंत ही औषधे फारशी पोहोचत नाहीत. पेशीत अधिक खोलवर शिरणाऱ्या नव्या पिढीच्या रेणूंवर आता काम चालू आहे आणि माझी आशा तिथे आहे.

जनुकोपचाराबद्दल ताईला दर आठवड्याला कोणी ना कोणी व्हॉट्सॲपवर बातमी पाठवते. त्याचीही अडचण समजण्यासारखी आहे. जनुक पेशीपर्यंत पोहोचवायला एका निरुपद्रवी विषाणूचे कवच वापरतात आणि त्यात जेमतेम ४,७०० अक्षरे मावतात. डिस्ट्रॉफिनचा नुसता कामाचा मजकूरच ११,००० अक्षरांचा आहे. मार्ग दिसला तो एका कुटुंबामुळे : १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत कामाच्या मजकुराचा जवळजवळ ४६ टक्के भाग नसलेला बेकरचा एक रुग्ण ६१ व्या वर्षीही चालत होता. इतके कमी करूनही चालते तर मुद्दाम आखूड केलेले, सूक्ष्म डिस्ट्रॉफिन का बनवू नये, या विचारातून ही उपचारपद्धती उभी राहिली. तिला अमेरिकेत जून २०२३ मध्ये प्रथम चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. तिची किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे आपल्याकडचे पंचवीस कोटी रुपयांहून अधिक. मोठ्या चाचणीत तिला ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही, आणि २०२५ मध्ये चालणे थांबलेल्या मुलांपैकी काहींचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यावर अशा मुलांना ती देणे थांबवण्यात आले. एकदा ती घेतली की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, त्यामुळे पुन्हा घेता येत नाही. इथेही अहवालातली ओळ लागतेच : एक्झॉन ८ किंवा ९ गळलेल्या मुलांना ती देत नाहीत.

म्हणून आज पुण्यात बसलेल्या आईच्या हातात खरोखर काय आहे, याचे उत्तर बरेच साधे आहे आणि त्याला कमी लेखू नये. पहिले म्हणजे स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट. ही औषधे आजार बरा करत नाहीत, पण मोडतोडीबरोबर येणारा दाह कमी करतात आणि मूल दोन-तीन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ चालत राहते. पाठीचा कणा वाकण्याचे प्रमाणही कमी होते. एरवी साधारण बाराव्या वर्षापर्यंत चाकांची खुर्ची लागते, त्या हिशेबात ही वर्षे फार मोलाची आहेत. या औषधांनी वजन वाढते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो. या परिणामांना घाबरून कोणी नातेवाइकाच्या सांगण्यावरून गोळ्या एकदम बंद करू नयेत. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते आणि गोळी अचानक बंद केल्यास जीव धोक्यात येतो. व्हॅमोरोलोन या औषधाने वजन वाढणे कमी होत नसले तरी हाडांवर आणि उंचीवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो; ते २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि सहा वर्षांवरील मुलांसाठी गिव्हिनोस्टॅट हे स्टेरॉइड नसलेले औषध २०२४ मध्ये. ही दोन्ही जनुकातल्या चुकीच्या जागेवर अवलंबून नाहीत.

दुसरे म्हणजे व्यायाम, आणि त्याबद्दल आमच्याकडून झालेली चूक मला अजून सलते. निदानाआधी "ताकद येईल" म्हणून त्याच्याकडून रोज उठाबशा काढून घेतल्या जात होत्या आणि रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढवून उतरवल्या जात होत्या. चढणे जड, पण उतरणे त्याहून घातक. ताणला जात असतानाच भार पेलणारा स्नायू सर्वांत जास्त फाटतो, आणि जिना उतरताना मांडीचे नेमके तेच होते. या मुलांना ताकदीचे व्यायाम नकोत. रोज सकाळ-संध्याकाळ घोटे, गुडघे, नितंब हळूच ताणून धरणे, रात्री घोट्याला आधारपट्टी आणि झेपेल तितके पोहणे, हे हवे. घोट्याची शीर आखडली की मूल चवड्यांवर चालू लागते आणि तोल आणखी बिघडतो.

हृदयाचा टू-डी इको निदान झाल्यापासून नियमित करायचा असतो आणि लक्षणे नसली तरी साधारण दहाव्या वर्षापर्यंत हृदयाचे औषध सुरू करतात. लशींपैकी कांजिण्यांसारख्या जिवंत लशी स्टेरॉइड सुरू होण्याआधी घेतलेल्या बऱ्या. आणि एक सूचना प्रत्येक घराने कागदावर लिहून मुलाच्या दप्तरात ठेवावी : कोणत्याही शस्त्रक्रियेत, साध्या हाड बसवण्यातही, भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव आधी सांगावे, कारण सक्सामेथोनियम हे भुलीच्या वेळी वापरले जाणारे औषध या मुलांचे हृदय बंद पाडू शकते. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेणाऱ्यांपासून दूर राहावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारासाठी असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नसतात.

सरकारी बाजू थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी दिव्यांगत्वांच्या यादीत नोंदलेली आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढता येते आणि ठरावीक प्रमाणातील दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शाळेला वर्ग तळमजल्यावर आणण्याची लेखी विनंती करावी. आमच्या शाळेने ती मान्य केली. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खाली ठरवलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे.

आता घरातल्या बायकांविषयी. मुलाला एक्स गुणसूत्र एकच असते आणि ते आईकडून येते. आईला दोन असतात, त्यामुळे एकात चूक असली तरी दुसरे काम भागवते आणि ती फक्त वाहक राहते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक गर्भारपणात हे नव्याने मोजायचे, आधीच्या मुलाचा हिशेब पुढच्याला लागत नाही. सुमारे एकतृतीयांश मुलांत मात्र आई वाहक नसते आणि चूक त्याच मुलात प्रथम घडलेली असते. तरीही आईच्या रक्तात चूक सापडली नाही म्हणून पुढच्या बाळाला धोका अजिबात नाही, असे म्हणता येत नाही, कारण काही वेळा ती चूक आईच्या फक्त बीजपेशींत लपलेली असते. ताईच्या सासरी "आईकडून आलेय" हे वाक्य जसे उच्चारले गेले, ते मी विसरलेले नाही. गुणसूत्राची चूक हा कोणाचाही गुन्हा नाही, आणि ही गोष्ट मुलाच्या आजीआजोबांना समुपदेशकासमोर बसवून समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

पुढच्या गर्भारपणाविषयी एक गैरसमज आहे. पुण्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान गुन्हा असल्याची पाटी असते. ती वाचून ताईला वाटले की विचारणेसुद्धा कायद्याविरुद्ध आहे. १९९४ च्या त्याच कायद्यात लिंगाशी निगडित जनुकीय आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात, ठरलेल्या अटींवर गर्भाची तपासणी करण्याची मुभा आहे. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना घेऊन, किंवा नंतर गर्भजल घेऊन ती करतात. पण नेमके काय शोधायचे हे आधी माहीत असावे लागते, आणि ते पहिल्या मुलाच्या अहवालातूनच कळते. ज्या घरात मूल गेले आणि तपासणी झालीच नव्हती, तिथे पुढच्या पिढीला हा आधार मिळत नाही. आमच्या आईचा धाकटा भाऊ सासवडजवळच्या गावी सतराव्या वर्षी गेला. त्याला वडील पाठीवर घेऊन शाळेत नेत असत. घरात एवढेच सांगितले जाई की त्याच्या पायांवरून वारं गेलं. त्याचा काहीच कागद नाही.

भाच्याची चूक माहीत असल्याने ताईची तपासणी सोपी झाली. एमएलपीए या तपासणीत ७९ एक्झॉनची मात्रा मोजतात. तिच्यात ४८ ते ५० ची मात्रा इतरांच्या निम्मी निघाली. मग आईची निघाली, आणि मग माझी. आधी केलेले माझे सीपीके सर्वसाधारण होते, म्हणून मी निर्धास्त होते. वाहक बाईचे सीपीके सर्वसाधारण असू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. वाहक बायकांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र झोपवलेले असते, आणि हृदयाच्या पुष्कळ पेशींत नेमके चांगले झोपले तर हृदय कमकुवत होऊ शकते. त्यामुळे आम्ही तिघीही आता ठरावीक वर्षांनी इको करतो. आईच्या इकोत हृदयाची ताकद थोडी कमी दिसली आणि तिचे औषध सुरू झाले. आजवर तिची धाप वयाची समजली जात होती.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. समुपदेशकांनी सांगितले की लक्षणे नसताना अजाण मुलीची वाहक तपासणी करू नये, तो निर्णय कळत्या वयात तिचा तिने घ्यायचा. भाच्याच्या अहवालाची एक प्रत आणि माझ्या अहवालाची एक प्रत मी तिच्या जन्मदाखल्याच्या फाईलमध्ये लावून ठेवली आहे.